मागे, पण कोणाच्या?

ताई,

माझं वय 33. नऊ वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दीड वर्षापासून एका अभिनेत्रीला फॉलो करते. तिने सौंदर्यप्रसाधनांचा स्वतःचा ब्रँड काढलाय, दोन मुलं आहेत, पहाटे चारला उठते आणि तरी सगळं जमवते. ‘मी करू शकले, तूही करू शकतेस’ हे तिचं वाक्य मी मोबाइलच्या स्क्रीनवर लावलंय. तिच्यासोबत काम केलेल्या एका कोचचा ऑनलाइन कोर्स मी हप्त्यांवर घेतला आणि व्हिडिओंचं चॅनेल सुरू केलं. लॅबमधून येऊन, स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास उरकून रात्री साडेदहाला व्हिडिओ करते. अकरा महिने झाले, व्ह्यूज दोनशेच्या वर जात नाहीत. गेल्या महिन्यात मुलीला व्हिडिओत घेतलं तेव्हा मात्र चार हजार झाले. रक्ततपासणीआधी उपाशी का राहायचं ते एकदा सांगितलं होतं, त्यावर लोकांनी बरेच प्रश्न विचारले. पण ‘हा तुमचा ब्रँड नाही’ असं कोच म्हणाले. लॅबमध्ये म्हातारे पेशंट माझी ड्युटी सुरू होईपर्यंत थांबतात, पण त्याने काय होतं? पगार तीन वर्षांत वाढलेला नाही. नोकरी ही मनातली भीती आहे, ती सोडा, असं कोच सांगतात. नवरा सोडू नको म्हणतो, त्यावरून घरात भांडणं होतात. बारा वर्षांच्या मुलीला विचारलं मोठेपणी काय व्हायचंय, तर म्हणाली, ‘फेमस’. माझ्यात काय कमी आहे? नोकरी सोडू का? मुलीला काय सांगू?

– मागे पडलेली

प्रिय मैत्रिणी,

नाव न देता लिहिलंस, ते मी समजू शकते. या सदराला लिहिणाऱ्या बहुतेक जणी नाव देत नाहीत. पण नावाच्या जागी तू जे दोन शब्द लिहिलेस ते माझ्या डोक्यातून जात नाहीत. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू कोणाच्या मागे पडलीस हे त्यात शोधत होते, आणि पत्रभर मला ती एकच बाई सापडली. ती तुला कधी भेटलेली नाही.

तुझ्या मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते लांबवण्यासारखं नाही. नोकरी सोडू नकोस. कोर्सचे हप्ते डोक्यावर आहेत, चॅनेलमधून काही मिळत नाही, आणि तुला नोकरी सोडायला सांगणाऱ्या माणसाचं त्यात काहीही पणाला लागलेलं नाही. त्या कोचना एकच गोष्ट विचार, तीही लेखी: ते जो व्यवसाय शिकवतात, त्यातून त्यांचं स्वतःचं उत्पन्न किती, आणि तो शिकवण्याच्या फीमधून किती? बहुतेक उत्पन्न फीमधून येत असेल, तर त्यांचा खरा व्यवसाय तुझ्यासारखी माणसं गोळा करणं हा आहे. आपण हप्त्यांवर घेतलेली गोष्ट फुकट गेली असं मान्य करणं फार जड जातं. त्या जडपणापायीच माणसं पुढचा, त्याहून महाग कोर्स घेतात. तू घेऊ नकोस. करारात बाहेर पडण्याचं कलम आहे का ते उद्याच बघ, आणि नसेल तर उरलेले हप्ते भर, पण तो विषय तिथे थांबव.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते. त्यात मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण त्या प्रश्नाला खतपाणी घालण्यात माझाही हात आहे.

मी बारा वर्षं एका पुरवणीसाठी चित्रपटातल्या लोकांच्या मुलाखती घेत होते. त्यात एकदा एका प्रसिद्ध नटीची ‘घरातली सकाळ’ आम्ही छापली. ते घर एका दिवसासाठी भाड्याने घेतलं होतं. खिडकीतून येणारं कोवळं ऊन दिव्याचं होतं. नटीच्या हातातलं पुस्तक स्टायलिस्टने बॅगेतून काढून दिलं होतं. त्या खोलीत बावीस माणसं होती, मी मोजली होती: मेकअप, केस, कपडे, लाइट, कॅमेरा, त्यांचे मदतनीस, तिचा मॅनेजर, आणि क्रीमच्या बाटलीवरचं नाव कॅमेऱ्याकडे आहे ना हे बघायला आलेली कंपनीची एक मुलगी. शेजारच्या खोलीत नटीच्या बाळाला एक बाई सांभाळत होती. नटी दमलेली होती. माझ्याशी ती फार चांगली वागली. सगळं आटोपल्यावर तिने हळूच विचारलं, ‘आता चपला काढू का?’ आणि मी लेखाची सुरुवात अशी केली, की दिवसातला पहिला तास ती एकटी, शांतपणे स्वतःसाठी ठेवते. बावीस माणसांतलं एकही माझ्या लेखात आलं नाही. बाळ सांभाळणारी बाईही नाही.

तो लेख वाचून एखादीला वाटलं असेल, की हिला जमतं, मग मला का जमत नाही? याची बोच मला आजही आहे. म्हणून तुला सांगते, तू ज्या बाईशी स्वतःला ताडून बघतेस ती एक बाई नाही. ती वीस-पंचवीस पगारी माणसांचं काम आहे, आणि त्या कामाची अटच ही असते की ते काम दिसता कामा नये. तू मात्र लॅबमधून येऊन, स्वयंपाक उरकून, मुलीचा अभ्यास घेऊन, रात्री साडेदहाला मोबाइल कपाटाला टेकवून एकटी उभी राहतेस. आणि दोनशे व्ह्यूज दिसले की निष्कर्ष काढतेस, माझ्यात काहीतरी कमी आहे.

हे आजच्या मोबाइलने सुरू केलेलं नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्या नटनट्यांची नावं पडद्यावर देत नसत. नाव झालं की मोबदला वाढवून मागतील, अशी धास्ती त्यामागे होती असं सांगतात. बायोग्राफ नावाच्या कंपनीच्या चित्रपटांतली एक तरुणी प्रेक्षकांना फार आवडायची, पण तिला काय म्हणायचं हे माहीत नसल्याने लोक तिला ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणत. तिचं नाव होतं फ्लॉरेन्स लॉरेन्स. कार्ल लेम्ली या निर्मात्याने तिला आपल्या कंपनीत आणलं, आणि 1910 च्या सुरुवातीला बातमी पसरली की ती ट्रामच्या अपघातात गेली. मार्चमध्ये लेम्लीच्या कंपनीने जाहिरात दिली: ही बातमी खोटी आहे, आमच्या शत्रूंनी पसरवली आहे, ती सुखरूप आहे आणि आमच्या चित्रपटांत दिसणार आहे. ती बातमी मुळात लेम्लीनेच पेरली होती असं चित्रपटाचे बहुतेक इतिहासकार मानतात. मग तिला सेंट लुईस शहरात लोकांसमोर आणलं गेलं आणि तिला बघायला तोबा गर्दी झाली.

चित्रपट विकायचा तर आधी माणूस विकायचा, हे तिथे पक्कं झालं. माणूस विकायचा म्हणजे त्याची एक गोष्ट रचायची आणि ती लोकांच्या जिवाला लागेल अशा रीतीने सोडायची. फ्लॉरेन्सचं पुढे काय झालं? काही वर्षांतच चित्रीकरणाच्या वेळी लागलेल्या आगीत ती जखमी झाली, तिचं नाव मागे पडत गेलं, आणि 1930 च्या दशकात ती स्टुडिओत किरकोळ भूमिका करून पोट भरत होती. 1938 मध्ये ती वारली. 1991 पर्यंत तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. जिच्या नावावर एक अख्खा धंदा उभा राहिला, तिचं नाव पन्नास वर्षं कोणाला कोरावंसं वाटलं नाही.

तू म्हणशील, हे जुनं झालं, आताच्या बायका स्वतःच मालक आहेत. काही आहेतही. पण आतले हिशेब बाहेरून दिसतात तसे क्वचितच असतात. टीएलसी या तीन मुलींच्या अमेरिकन गायनगटाचा 1994 मध्ये एक अल्बम आला. त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. आणि 1995 मध्ये, ती गाणी जिकडेतिकडे वाजत असताना, त्या तिघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. रेकॉर्डिंगचा खर्च, व्हिडिओंचा खर्च, आगाऊ मिळालेली रक्कम, हे सगळं कलाकारांच्या वाट्यातून वळतं करून घ्यायची त्या धंद्यात रीतच होती. त्यानंतरच्या वर्षी त्यांना दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि त्याच सोहळ्यात त्यांनी पत्रकारांना सांगितलं की आमच्याकडे पैसे नाहीत. त्यांचे फोटो बघून स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलींच्या खात्यात कदाचित त्या तिघींपेक्षा जास्त शिल्लक असेल.

आणि ‘स्वतःच्या बळावर’ या शब्दांबद्दल. 2018 मध्ये फोर्ब्ज मासिकाने सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड चालवणाऱ्या कायली जेनर या अमेरिकन तरुणीला मुखपृष्ठावर झळकवलं, आणि पुढच्या वर्षी तिला स्वतःच्या बळावर झालेली जगातली सर्वांत तरुण अब्जाधीश ठरवलं. टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेल्या कौटुंबिक कार्यक्रमात ती लहानाची मोठी झाली होती. धंदा सुरू करण्याआधीच तिचा चेहरा कोट्यवधी लोकांना ठाऊक होता. तिच्या कंपनीचा मोठा हिस्सा विकला गेला तेव्हा जी कागदपत्रं उघड झाली, त्यांत हा धंदा सांगितला जात होता त्यापेक्षा बराच लहान दिसला, आणि मे 2020 मध्ये त्याच मासिकाने अब्जाधीशपण मागे घेतलं. मासिकाचे आरोप तिच्या बाजूने फेटाळले गेले. तो वाद त्यांचा. मला काळजी आहे ती मधल्या दोन वर्षांची. तेवढ्या काळात किती मुलींनी तो आकडा बघून रात्री छताकडे बघत हिशेब मांडला असेल, की एकविसाव्या वर्षी ही कुठे आणि मी कुठे?

आता व्ह्यूजबद्दल, कारण तू तो आकडा स्वतःच्या लायकीचा दाखला मानतेस. 2006 मध्ये सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या तीन अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा हजारांहून जास्त लोकांना त्यांनी एका संकेतस्थळावर अनोळखी बँडची 48 गाणी ऐकायला दिली. काही लोकांना बाकीच्यांनी काय डाउनलोड केलं ते दिसत नव्हतं. उरलेल्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटलं होतं, आणि प्रत्येक जगात फक्त त्या जगातल्या लोकांची पसंती दिसत होती. गाणी सगळीकडे तीच. तरी एकच गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात 48 पैकी चाळिसावं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीच्या दहा-वीस जणांनी कुठे बोट ठेवलं यावर पुढच्या हजारोंची आवड वळत गेली.

त्यातलं जे गाणं एका जगात पहिलं आलं, त्या बँडला खरोखरचं तेच एक जग मिळालं असतं, तर त्यांनी मुलाखतीत काय सांगितलं असतं? आम्ही कष्ट केले, स्वतःवर विश्वास ठेवला, तुम्हीही करू शकता. त्यांच्या दृष्टीने ते खोटंही नसतं. कष्ट तर त्यांनी केलेच असणार. पण चाळिसावं आलेलं गाणंही त्यांचंच होतं, तेवढ्याच कष्टांचं. ‘मी करू शकले, तूही करू शकतेस’ या वाक्यात हे दुसरं जग कुठेच येत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्या कामाशी जोडलेली आहे म्हणून नीट वाच. शर्विन रोझेन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1981 मध्ये मोठ्या ताऱ्यांच्या कमाईबद्दल एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगते. गायिका एकदा गाते आणि ते गाणं एक माणूस ऐको की एक कोटी, तिचे श्रम तेवढेच राहतात. नक्कल काढायला जवळपास काही खर्च येत नाही. अशा बाजारात पहिल्या आणि दहाव्या गायिकेच्या गळ्यात थोडासा फरक असला तरी कमाईत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण सगळ्यांना पहिलीच ऐकता येते. तुझ्या कामाची अशी नक्कल निघत नाही. एक दंड, एक पट्टा, एक शीर, एक सुई. तू सकाळी तीस जणांचं रक्त काढत असशील, तर तीसच वेळा तुला तितकंच लक्ष द्यावं लागतं. म्हणून तुझं काम कधीच एका दिवसात कोटी लोकांपर्यंत जाणार नाही. परिचारिका, शिक्षिका, गवंडी, बाळ सांभाळणारी ती बाई, कोणाचंच जात नाही. बाजार पैसा मोजतो तो पोहोचीवर. कामाचं मोल मोजायची त्याची तयारी नसते, आणि आपण मात्र त्याने दिलेला आकडा घरी आणून आरशावर चिकटवतो.

आता तुझ्या पत्रातली ती ओळ. ‘म्हातारे पेशंट माझी ड्युटी सुरू होईपर्यंत थांबतात, पण त्याने काय होतं?’

सत्तरीतल्या माणसाची शीर सापडणं किती अवघड असतं ते मला तू सांगायला हवंस, मी तुला नाही. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात तिचे दोन्ही हात काळेनिळे झाले होते. रक्त घ्यायला कोण येतंय ते ती दारातूनच बघायची आणि एक ठरावीक मुलगी दिसली की तिचा चेहरा सैल पडायचा. त्या मुलीचं नाव मला आजही माहीत आहे. आपल्या भाषेत ‘नाव होणं’ वेगळं आणि ‘नाव काढणं’ वेगळं. माणसं आपलं नाव काढतात ती आपण समोर नसताना, आपल्या कामामुळे. तुझे पेशंट तुझं नाव काढतात. त्याने काय होतं, असं विचारतेस, तर त्याने एका घाबरलेल्या माणसाची सकाळ बदलते. मला हे कमी वाटत नाही आणि ते कमी आहे असं तुला कोणी शिकवलं असेल तर त्या शिकवणीचा मला राग येतो.

तुझ्यात काय कमी आहे? पत्रावरून मला एकच गोष्ट कमी दिसते, तुझा पगार. तीन वर्षं तो वाढला नाही आणि हे तू एका वाक्यात उरकून पुढे गेलीस. तुझ्या अडचणीतला सर्वांत खरा भाग तोच असू शकतो. भांडवलशाहीची सर्वांत मोठी सोय मला हीच वाटते. दोन टोकं जुळत नाहीत, तेव्हा बाई मालकाकडे बघत नाही, आरशात बघते. मी पहाटे उठत नाही, माझी विचारसरणी श्रीमंतीची नाही, माझा ब्रँड नाही. मायकल यंग या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 1958 मध्ये ‘ज्याच्यात गुण तोच वर’ अशा समाजाचं चित्र इशारा म्हणून रंगवलं होतं. वर पोहोचलेल्यांना वाटेल की हे आपलं हक्काचंच आहे, आणि खाली राहिलेल्यांना वाटेल की आपली लायकीच एवढी, ही त्याची भीती होती. त्याचा इशारा पुढाऱ्यांनी ध्येय म्हणून उचलला, आणि 2001 मध्ये, म्हातारपणी, त्याने वर्तमानपत्रात लिहून त्याबद्दल दुःख व्यक्त केलं.

ज्यांना आपण झगमगाटात समजतो, त्यांचंही ऐक. जुलै 2023 मध्ये अमेरिकेतल्या नटनट्यांच्या संघटनेने संप केला. पटकथालेखक मे महिन्यापासूनच संपावर होते. दोन्ही संघटना एकाच वेळी संपावर जाण्याची वेळ 1960 नंतर पहिल्यांदाच आली होती. नटांच्या संघटनेत सुमारे 1,60,000 सभासद. संघटनेच्या आरोग्यविम्यासाठी पात्र ठरायला वर्षाला साधारण साडेसव्वीस हजार डॉलर कमवावे लागत, आणि बहुसंख्य सभासदांची तेवढीही कमाई होत नव्हती. आपल्याला दिसतात ते चेहरे काही शेकडा. उरलेल्यांतली बरीच माणसं दुसरीकडे नोकऱ्या करून अभिनय करतात. त्या संपात नावाजलेले नट बिननावाच्या नटांबरोबर फलक घेऊन रस्त्यावर चालले, आणि 118 दिवसांनी करार झाला. त्यांच्यातल्या कोणालाही एकट्याने पहाटे चारला उठून तो करार मिळाला नसता.

तुमच्या लॅबमध्ये टेक्निशियन किती आहात? तिघी-चौघी असाल तरी चालेल. एका रविवारी एकत्र बसा. तीन वर्षांत कोणाचा पगार किती वाढला, तपासण्या किती वाढल्या, इतर लॅब काय देतात, हे एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन सगळ्या मिळून मालकांकडे जा. एकटी जाऊ नकोस. वाढ मिळेलच असं मी म्हणत नाही. पण ज्या उत्साहाने तू अकरा महिने व्हिडिओ केलेस त्यातला थोडा इकडे लाव. नऊ वर्षांचा तुझा अनुभव दुसऱ्या लॅबलाही हवा असेल, तेही बघून ठेव.

त्या अभिनेत्रीबद्दल तुला वाटणाऱ्या मायेची मला चेष्टा करायची नाही. 1956 मध्येच हॉर्टन आणि व्होल या दोन अभ्यासकांनी लिहून ठेवलं होतं, की पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतोय असा भास तयार केला जातो आणि प्रेक्षकाला ते नातं खरं वाटू लागतं. तुझ्या बाजूने ते खरंच आहे. तिची मुलं तुला नावानिशी ठाऊक आहेत, ती आजारी पडली की तुला चुकचुकतं. एकटेपणाच्या काळात अशा ओळखीचा आधार वाटतो, मलाही कधीकाळी वाटलाय. पण तिचं वाक्य स्क्रीनवरून काढ. ते वाक्य तिने तुला सांगितलेलं नाही, क्रीमबरोबर विकलेलं आहे. आणि क्रीम संपते तशी मागे पडल्याची भावना संपत नाही, म्हणून हा माल पुन्हा पुन्हा खपतो. महिनाभर तिचं पान बंद ठेवून बघ. नवऱ्याशी भांडण मला तितकंसं गंभीर वाटत नाही. तो नोकरीबद्दल बरोबर बोलतोय, पण ‘सोडू नको’ एवढंच म्हणतोय. रात्री साडेदहाला तू थकलेली का असतेस आणि स्वयंपाक रोज तूच का उरकतेस, हे त्याला विचार.

चॅनेल बंद करायला मी सांगणार नाही. रक्ततपासणीआधी उपाशी का राहायचं हे तू सांगितलंस तेव्हा लोकांनी प्रश्न विचारले, कारण त्यांना ते खरोखर हवं होतं. तुला आवडत असेल तर तेच कर: रिपोर्टमधले शब्द, सुईची भीती, लहान मुलांचं रक्त घेताना आईने काय करावं. महिन्यातून एक. चाळीस जणांनी बघितलं तर चाळीस.

मुलीचा व्हिडिओ मात्र आजच काढून टाक. यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही, विनंतीही करणार नाही, सांगते आहे. जॅकी कूगन हा मुलगा 1921 मध्ये चार्ली चॅप्लिनबरोबर पडद्यावर आला आणि जगप्रसिद्ध झाला. लहानपणी त्याने तीस ते चाळीस लाख डॉलर कमावले असा अंदाज आहे. मोठा होईपर्यंत आई आणि सावत्र वडिलांनी ते जवळजवळ सगळे उडवले होते. 1938 मध्ये त्याने त्या दोघांवर खटला भरला आणि हाती लागले सुमारे 1,26,000 डॉलर. त्यावरून 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईच्या संरक्षणासाठी कायदा झाला. व्हिडिओंत दिसणाऱ्या मुलांच्या पैशांची तशी सोय करणारा अमेरिकेतला पहिला राज्य कायदा इलिनॉयमध्ये लागू झाला तो थेट 2024 च्या जुलैत. तू तुझ्या मुलीचे पैसे खाणार नाहीस हे मला माहीत आहे. पण चार हजार आणि दोनशे हे आकडे तिनेही बघितलेत. आईच्या कामाला मी दिसले की किंमत येते, हे तिला बाराव्या वर्षी कळलंय, आणि मग ती ‘फेमस’ म्हणाली. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघ.

तिला ओरडू नकोस. प्रसिद्धी वाईट असते असंही सांगू नकोस, ती विश्वास ठेवणार नाही. व्हिडिओ का काढलास ते मात्र तिला खरं खरं सांग, तुझी चूक झाली हेही. एखादे दिवशी तिला लॅबमध्ये घेऊन जा आणि तू काम करताना तिला बघू दे. आणि तिचा आवडता चित्रपट पुन्हा एकदा दोघी मिळून बघा. शेवटी पांढरी नावं खालून वर सरकू लागली की उठू नका. दिव्यांची जोडणी सांभाळणारा गॅफर, पावलांचे आवाज वेगळे तयार करणारा फॉली आर्टिस्ट, कॅमेऱ्याचा फोकस हाताने धरून ठेवणारा, शिंपी, सुतार, गाड्या चालवणारे, हिशेब ठेवणारे. थांबवत थांबवत वाचा. तिला म्हण, यातलं एक काम निवड, ते कसं करतात हे आपण दोघी शोधून काढू. ती कुठलं निवडते ते मला कळव. मला खरंच जाणून घ्यायचंय.

तुझी,
ताई